एमसी वर्गमूळ यांचं शेवटचं कडवं

सर्व रसिक श्रोत्यांना, माता-भगिनींना, ग्रामपंचायतीच्या आजी-माजी सदस्यांना आणि मंडपाच्या मागे उभं राहून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणाऱ्या तमाम तरुण मंडळींना अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येते की, आपल्या गोंदिया जिल्ह्यानं मूळसंख्यांवर गाणं म्हणणारी एक बाई जन्माला घातली आहे. ही बाब आजवर शासनदरबारी, वर्तमानपत्रात किंवा पानठेल्यावर, कुठंच नीट नोंदली गेलेली नाही. म्हणून हे निवेदन. कृपया शांतता राखावी, आणि ज्यांची मोटारसायकल रस्त्यात आडवी लागली आहे त्यांनी ती आधी काढून घ्यावी.

माझ्या या भाषेनं दचकू नका. माझा धंदाच मंडप आणि माईकचा. लग्न, जयंती, वाढदिवस, तेरवी, जिथं चार माणसं जमतात तिथं माझा भोंगा आधी पोचतो. त्यामुळे या जिल्ह्यातले सगळे गाणारे, भाषण ठोकणारे आणि रडणारे मी जवळून ऐकले आहेत. पण सुजाता टेंभुर्णेसारखं गिऱ्हाईक मला दुसरं मिळालं नाही.

गोंदियाजवळच्या कुडव्यात माझं गोदाम आहे. त्याच्या समोरच्या गल्लीत ती आणि तिची आई राहायच्या. मूळ गाव अर्जुनी मोरगावकडचं. सकाळ-संध्याकाळ ती आठवी ते दहावीच्या पोरांच्या गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घ्यायची. एक दिवस गोदामात आली आणि सरळ म्हणाली, "भाऊ, एक माईक पाहिजे. लग्नातला नको. ज्याच्यात 'स' आणि 'श' वेगळा ऐकू येते तो द्या."

माझ्याकडे आजवर लोकांनी मोठा माईक मागितला होता, चमकणारा मागितला होता, एका पुढाऱ्यानं तर हातातून सुटणार नाही असा मागितला होता. 'स' आणि 'श' कुणी मागितला नव्हता. कशासाठी पाहिजे, असं विचारल्यावर ती म्हणाली, रॅप करते. मी तिच्याकडे नीट पाहिलं. सुती सलवार-कुर्ता, पायात साधी चप्पल, नाकावर जाड चष्मा, आणि चष्म्याच्या दोन्ही काड्यांना मागून बांधलेला काळा इलॅस्टिक. हा इलॅस्टिक कशाला ते पुढं कळलं. गाताना ती मान अशी झटकते की दोनदा चष्मा उडून श्रोत्यांत पडला होता.

ती जे गाते त्याला नर्डकोअर म्हणतात. शब्द तिनंच शिकवला. अर्थ विचारला तर म्हणाली, वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या पोट्ट्यांचं रॅप. बाकीचे रॅपवाले गाड्यांवर, दुश्मनांवर आणि स्वतःवर गातात. ही मूळसंख्यांवर, जडत्वावर, ग्रहणावर गाते. नाव घेतलं होतं 'एमसी वर्गमूळ'. गाणं तीच लिहिणार, तीच म्हणणार, आईच्या साड्या आणि दुलया कोंबलेल्या कपाटात शिरून तीच रेकॉर्ड करणार, आणि तीच नेटवर चढवणार. तिच्या एका गाण्यात मधेच कुकरची शिट्टी आहे. ती काढून का टाकली नाही, तर म्हणे गाणं वाफेच्या दाबावर आहे, शिट्टीचा त्यात हक्क आहे.

तिचं बोलणंही असंच. 'मला वाटते' हे शब्द तिच्या तोंडून मी ऐकले नाहीत. काहीही विचारा, "तपासून सांगते" म्हणणार, आणि खरंच तपासून सांगायला येणार. एकदा मी सहज म्हणालो की आज गेल्या वर्षीपेक्षा थंडी जास्त आहे. दोन दिवसांनी मी एका मंडपाच्या बांबूवर चढलेलो असताना ही बाई खाली उभी राहून सांगू लागली की नाही, कमी आहे.

माईक तपासतानाही ती 'हॅलो हॅलो' करत नाही. पायची किंमत म्हणते. तीन पूर्णांक एक चार एक पाच नऊ दोन सहा पाच तीन. एका साखरपुड्यात नवरदेवाच्या मामाला तो तिचा फोन नंबर वाटला. त्यानं तो मोबाईलमध्ये टिपून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे तक्रार घेऊन आला की मॅडमचा नंबर लागून नाही राहिला.

गाणी ती स्कूटीवर रचते. कुडव्याहून गोंदियाला जाताना तिचे ओठ सारखे हलत असतात. सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या माणसाला वाटतं ही आपल्याशी भांडत आहे, आणि तो गाडी दोन फूट बाजूला घेतो. ठेक्यांसाठी तिला खरे आवाज लागतात. गोंदियातल्या एका राईस मिलचा पट्टा जरा सैल होता, आणि तो 'धड-धड-चक' असा काही वाजायचा की ही रोज शिकवणीला जाताना मिलच्या भिंतीला मोबाईल लावून उभी राहायची. चष्मा, गंभीर चेहरा, भिंतीला कान. चौकीदारानं आत खबर दिली. शेठनं तिला अदबीनं ऑफिसात बोलावलं, समोसे मागवले, पंखा तिच्याकडे वळवला आणि हात जोडून विचारलं, "मैडम, आप किस डिपार्टमेंट से हैं?"

"संगीत," ती म्हणाली.

शेठनं सुटकेचा असा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. मग तिला पाहिजे तेवढा वेळ पट्टा चालवून दाखवला. तिची एकच विनंती होती, तो पट्टा इतक्यात कसू नका.

आता तिच्या अडचणीकडे येतो. तिच्या प्रत्येक गाण्यात एक प्रश्न असतो. पहिल्या कडव्यात प्रश्न, मधल्या कडव्यांत त्याची उलटसुलट चौकशी. आणि मग ती थांबते. ठेका बंद, आवाज बंद, हात खाली. चष्म्यातून लोकांकडे नुसती बघत राहते. त्यानंतर शेवटचं कडवं, त्यात उत्तर. त्या थांबण्याला ती 'बरोबरचं चिन्ह' म्हणते. आणि याच चिन्हानं तिचा घात केला होता.

एका शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिनं मूळसंख्यांचं गाणं धरलं. माईक माझाच.

दोन एकटाच सम, बाकी सगळे विषम,
भागायला गेलास तर निघेल तुझा दम!

पोरं रंगात आली होती. मूळसंख्या कुठं संपतात का, हा त्यातला प्रश्न. ती थांबली. मुख्याध्यापकांना वाटलं, झालं. त्यांनी टाळी वाजवली, त्यांच्यामागं शिक्षकांनी, शिक्षकांच्या मागं सगळ्या शाळेनं. निवेदक बाईंनी आभार मानले आणि लेझीम आत आली. सुजाता हात खाली सोडून मधोमध उभी, आणि भोवती लेझीम. एका लग्नात ती थांबली तर डीजेवाल्यानं ती जागा आपलीच समजून गाणं लावलं आणि वरात नाचत पुढं गेली. एका वाढदिवसाला तर तिच्या त्या थांबण्यात केक कापला.

बाहेरगावी तिला ऐकणारे होते. कुठल्या कुठल्या हॉस्टेलातून, परदेशातून लोक लिहायचे की आम्ही गाणं पुन्हा पुन्हा लावतो. पण आपल्या जिल्ह्यात, समोर माणसं बसलेली आहेत आणि त्यांनी एक गाणं शेवटपर्यंत ऐकलं आहे, असं एकदाही घडलं नव्हतं. मी तिला कितीदा म्हणालो की ते थांबणं काढून टाक, सरळ उत्तर दे आणि मोकळी हो. दर वेळी तिचं एकच.

"लोकांनं विचार कुठं करावा मग, भाऊ? घाईनं दिलेलं उत्तर म्हणजे उत्तर नाही, बातमी आहे."

मग एक दिवस नागपूरहून एका म्युझिक कंपनीचा माणूस आला. पांढरे बूट, कानात यंत्र. माझ्याच गोदामात खुर्च्यांच्या चळतीवर बसून त्यानं तिला स्वप्न दाखवलं. हिंदीत गा, जॅकेट घाल, आवाजात थोडी आग आण. नावही त्यानं ठरवून आणलं होतं, 'गोंदिया की शेरनी'. फक्त हे सायन्स-वायन्स हटवायचं. तिचं गंजावरचं गाणं त्यानं ऐकलं होतं, आणि आवाज फार आवडला होता.

तिनं शांतपणे विचारलं की त्या गाण्याचं उत्तर काय आहे.

तो गोंधळला. "उसके बाद भी है क्या?"

सुजातानं त्याला चहा पाजला, स्कूटीवर बसवून स्टेशनवर सोडलं, गाडी सुटेपर्यंत थांबली आणि परत येऊन मला म्हणाली, "जो माणूस उत्तर न ऐकता सौदा करते, त्याच्यासंग मी काय गणित मांडू?" मी त्या रात्री तिच्यापेक्षा जास्त हळहळलो. माझ्या गोदामात कंपनी येऊन गेली होती आणि मला साधा फोटो काढायचं सुचलं नव्हतं.

तिच्या आईला, सुमनबाईंना, हे कळलं. बाई आयुष्यभर अंगणवाडीत शंभर पोरांना रांगेत बसवत आलेल्या. त्यांच्यापुढं माझा भोंगाही हळू वाजतो. त्यांना लेकीचं गाणं माहीत होतं ते कपाटातून येणारं. एकच ओळ पंधरा वेळा, मधेच शिवी, मधेच खोकला, पुन्हा तीच ओळ. त्यांच्या हिशेबी हा एक लांबलेला आजार होता. त्यातच नाशिककडच्या एका निवासी शाळेतून सुजाताला कायमच्या नोकरीचं बोलावणं आलं. दिवाळीची सुट्टी संपली की रुजू व्हायचं. राहायचं तिथंच, आणि संस्थेची अट अशी की हे गाणं-बिणं नेटवर टाकणं बंद.

मायलेकींमध्ये काय काय झालं ते गल्लीनं ऐकलंच. शेवटी सुमनबाईंनी आपली अट घातली. ती त्यांनी माझ्यासमोर, माझ्या गोदामाच्या दारात घातली, कारण त्यांना साक्षीदार पाहिजे होता.

"एक गाणं. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाईनं पुरं ऐकलेलं मले माया डोळ्यानं दाखव. मंग मी तोंड नाही उघडणार. नाही तं सुट्टी संपली का बॅग भर."

सुजाता म्हणाली, मंजूर. असा शब्द तिनं देऊ नये असं मला फार वाटलं, कारण दिवाळीच्या सुट्टीत कुणाचं गॅदरिंग नसतं आणि कुणाचं लग्न नसतं.

पण मंडई असते. झाडीपट्टीबाहेरच्या, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भाबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो, मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, पाळणे लागतात, जिलेबीच्या कढया चढतात, आणि भर दुपारी मंडपात खडी गंमत उभी राहते. उभ्यानं गायचं, उभ्यानं नाचायचं. दुय्यम असेल तर दोन शाहीर समोरासमोर. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जवाब द्यायचा, आणि ज्याला जमलं नाही त्याची गावभर वर्षभर चेष्टा.

अर्जुनी मोरगावकडच्या एका गावात माईक माझा होता. सकाळी मी भोंगे बांधत असताना मंडई समितीत गडबड उडाली. एक शाहीर हजर होते, डोमाजी, पिकल्या मिशा, भगवा फेटा, पंचक्रोशीत त्यांचे सवाल प्रसिद्ध. दुसऱ्या शाहिराचा घसा बसला होता, पार फुसफुस. आता जोड कुठून आणायची? समितीचे सचिव हेमराजभाऊ मोबाईलमध्ये काही तरी पाहत होते. त्यांच्या भाच्यानं त्यांना कधी तरी सुजाताचा व्हिडिओ पाठवला होता. तो त्यांनी अध्यक्षांना दाखवला. अध्यक्ष म्हणाले की ही तर चष्मेवाली मॅडम आहे, हे काही वेगळंच आहे. त्यावर हेमराजभाऊंनी जो युक्तिवाद केला तो मला कोर्टातही ऐकायला मिळणार नाही.

"उभ्यानं गाते ना? सवाल टाकते ना? जवाब देते ना? मंग खडी गंमत आणखी कायले म्हणते जी?"

समितीला पटलं. मला विचारलं, हिच्या पार्टीत माणसं किती? मी म्हणालो, एकटीच आणि एक लॅपटॉप. अध्यक्षांनी समाधानानं मान हलवली, चहा कमी लागणार होता.

मी फोन लावला. सगळं ऐकून तिनं एकच गोष्ट विचारली, सवाल बाकी असताना दुय्यममध्ये कुणी शाहिराला थांबवतं का? मी म्हणालो, थांबवणं दूरच, जवाब दिल्याशिवाय स्टेजवरून उतरू देत नाहीत. ती म्हणाली, "येते." आणि दुपारच्या आत एसटीतून उतरली. मागून सुमनबाई, हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावर परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबाचा भाव. त्या बायकांच्या बाजूला सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

डोमाजींनी तिला पाहिलं, लॅपटॉप पाहिला आणि लोकांकडे वळून म्हणाले, "पोरीनं पार्टी पेटीत भरून आणली. झाकण उघडलं का नाच्या बाहीर येईन." मंडप हसला. सुजाताही हसली. मग डोमाजींनी ढोलकीवर सवाल टाकला की दिवस मावळल्यावर सूर्यदेव कोणाच्या घरी मुक्काम करतो. तिनं चार ओळींत पृथ्वी फिरवली, सूर्य जागच्या जागी ठेवला, आणि मुक्काम आपणच बदलतो असं सांगून जवाब खाली टेकवला. लोकांनी 'बरं हाय' इतपत मान हलवली. आता सवाल तिचा.

लॅपटॉपमधून मिलचा पट्टा वाजू लागला. धड-धड-चक. दोन म्हातारे मुंड्या हलवू लागले, हा आवाज त्यांना धान भरडताना ऐकून पाठ होता.

खिळा ठेवला वाटीत, पाणी शिंपडलं वर,
दिवसागणिक लाल झाला, झाला जर्जर,
कण नाही सांडला, सारा गंज तिथल्या तिथं,
वाळवून तोला, शाहीर, पारडं जाते कुठं?

डोमाजी उठलेच. हा काय सवाल झाला? गंज म्हणजे लोखंडाला लागलेला क्षय, क्षयाचा माणूस कधी वजनानं वाढतो का? वजन कमी होते. अख्ख्या मंडपानं माना डोलावल्या. खरं सांगायचं तर मीही डोलावली.

सुजातानं मधली कडवी घेतली. खिळ्याच्या बाजूनं बोलली, गंजाच्या बाजूनं बोलली. मान जोरात झटकत होती, पण इलॅस्टिकनं इमान राखलं. आणि मग ती थांबली. ठेका बंद. हात खाली.

मी डोळे मिटून घेतले. आता टाळ्या पडणार, हे मी धरूनच चाललो.

टाळी पडली नाही. सवालानंतरची शांतता कोणाची असते हे त्या मंडपाला माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत होतं. ती त्यांची असते. एक म्हातारा उभा राहून म्हणाला, वाढत असन. मागून कुणी तरी ओरडलं की अबे, कसा वाढन, तूच गंजला. बायकांमध्ये तवे आणि विळ्यांचे दाखले निघाले. जिलेबीवाला कढई सोडून मंडपाच्या तोंडाशी आला. सगळं गाव त्या एका खिळ्यावर तुटून पडलं, आणि ती मधोमध उभी राहून हे सगळं चष्म्यातून पाहत होती.

नेमकी तेव्हा बाहेर गाडी थांबली. प्रमुख पाहुणे. निवेदकानं माझ्याकडचा दुसरा माईक उचलला आणि मान्यवरांचं आगमन झालेलं आहे, कार्यक्रम थोडा थांबवून सत्कार घेऊ, असं सुरू केलं. मान्यवर हात जोडत स्टेजची पायरी चढू लागले, मागं शाल, श्रीफळ, हार. मी सुमनबाईंकडे पाहिलं. त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं, निघायच्या तयारीनं.

डोमाजींनी डफावर एक थाप मारली. सवाल खुला असताना हार-तुरे चालत नाहीत, त्यांनी निवेदकाला बजावलं. हा सवाल आपण स्वतः हरलो तरी चालेल, पण जवाबाशिवाय आपल्याला कुणी जिंकवू नये. पहिल्या रांगेतल्या एका आजीनं तर मान्यवरांच्या सदऱ्याचं टोकच धरलं.

"बसा जी खाली. जवाब येऊन राहिला."

मान्यवर पायरीवरच बसले. हार धरलेला माणूस त्यांच्या मागच्या पायरीवर बसला. त्यानं मान्यवरांना हळूच सवाल समजावून सांगितला, आणि मान्यवर बोटांवर काही तरी मोजू लागले.

मला भीती वाटत होती की आता ही घाई करेल, कुणी उठायच्या आत उरकून टाकेल. तिनं केली नाही. शेवटचा माणूस गप्प होईपर्यंत, शेवटचा जण परत खाली बसेपर्यंत ती हात खाली सोडून थांबली. मग पट्टा पुन्हा वाजला.

लाल झाला म्हणून त्याला भंगारात नका काढू,
हवा त्यानं धरून ठेवली, वजन लागलं वाढू!

संपलं. ठेका थांबला. टाळी पडली नाही, कारण अख्खा मंडप मनातल्या मनात खिळा तोलत होता. डोमाजींनी फेटा जरा मागं सारला आणि हवेला वजन असते काय, असं स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं. सुजाता त्यांना म्हणाली, तपासून दाखवते. मग तिनं पहिल्यांदा बायकांच्या बाजूला मान वळवली.

सुमनबाई अर्ध्या उठलेल्या होत्या. बाटली कुठं तरी घरंगळून गेली होती. त्या फैसला द्यायला आल्या होत्या आणि तोंड उघडणार नाही असा शब्दही देऊन बसल्या होत्या, पण त्या दोन्ही गोष्टी त्यांच्या ध्यानात राहिल्या नसाव्यात. एवढ्या शांततेत त्यांचा अंगणवाडीतला आवाज माझ्या माईकनं सहज पकडला आणि चारही भोंग्यांतून गावभर गेला.

"थांबली काऊन वो? म्हण ना पुढचं."